गाओकाकांना वळणं सांगताना

मी काय काम करायचे हे कळलं की समोरचा माणूस हातातली वडी हळूच खाली ठेवतो. मेलबर्नच्या मराठी मंडळींत हा अनुभव मी इतक्यांदा घेतलाय की आता गंमत वाटते. गणपतीत कुणीतरी नवीन ओळख झालेली विचारते, "तू काय करतेस गं?" मी सांगते, "फ्युनरल होममध्ये होते."  मग ती स्वतःच मला वाट काढून देते, "म्हणजे अकाउंट्स वगैरे ना?" अकाउंट्स नाही बाई. मी माणसं पोचवायचे.

पुण्याला सासूबाईंना आम्ही शेवटपर्यंत "ऑफिसात आहे" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. ऑफिस होतंच, फक्त त्याच्या मागच्या बाजूला शीतगृह होतं. या अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मीच त्यांना म्हटलं, की अहो, लोक चकली खात खात हे वाचणार का? ते म्हणाले, "कोविडच्या त्या दोन वर्षांत हे कुणाच्या घरात झालं नाही ते सांगा." तेव्हा लिहितेय. ज्यांना नको त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

बाहेरच्यांना वाटतं की आमचं काम मेलेल्या माणसांशी असतं. ते अगदी थोडं. बाकी सगळं काम जिवंत माणसांशी. घरातलं कुणी गेलं की फोन येतो, आमची दोन माणसं जाऊन देह घेऊन येतात, आणि दुसऱ्या दिवशी घरचे माझ्यासमोर बसतात. दहन की दफन, पेटी कुठली, कपडे कुठले, कुणी बोलायचं, हे सगळं त्यांच्याकडून काढून घ्यायचं, तेही असं की त्यांना वाटावं आपणच ठरवलं. मग त्या दिवशी काळा कोट घालून मी हजर. शववाहिका निघाली की पहिली काही पावलं आमच्यातला एक जण तिच्यापुढे चालत जातो. गाडी त्याच्या मागून माणसाच्या चालीने येते. ते चालणं बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आमच्या सांगलीत बायका स्मशानाच्या दारापर्यंतही जात नाहीत, आणि इथे मी सगळ्यांच्या पुढे.

या कामाचे तीन नियम मला पहिल्याच आठवड्यात शिकवले. "तुमचं दुःख मी समजू शकते" असं म्हणायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि कामावर रडायचं नाही. पहिला मी कधी मोडला नाही. उरलेले दोन मोडले, ते एकाच माणसापायी, आणि त्या माणसाला मी जिवंतपणी कधी पाहिलंही नव्हतं.

पण आधी ते दिवस कसे होते ते सांगायला हवं. लॉकडाउनमध्ये अंत्यविधीला फक्त दहा माणसं आत घ्यायची परवानगी होती. दारात मी उभी. अकराव्या माणसाला थांबवायचं काम माझं, आणि अकरावा माणूस कधी सख्खा भाऊ असायचा, कधी पन्नास वर्षांची मैत्रीण. एका ग्रीक आजींचा गोतावळा इतका होता की ते सगळे पार्किंगमध्ये आपापल्या गाड्यांत काचा लावून बसले. पेटी बाहेर आली तेव्हा एकाने हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनी. गस्तीची पोलिसांची गाडी आत आली. मला वाटलं, आता झाली पंचाईत. त्यातला पोलीस उतरला, टोपी काढून उभा राहिला, आणि हॉर्न थांबेपर्यंत तसाच राहिला.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला खाणीत इंजिनिअर असलेला आपला एक मराठी मुलगा होता. त्याचे वडील इथे मेलबर्नला वारले. पश्चिमेच्या राज्याने सीमा बंद केलेल्या, त्यामुळे त्याला येता येईना. इथे अग्नी म्हणजे एक बटण असतं, ते थोरल्या मुलाने दाबायचं. तो स्क्रीनवर होता, त्याने "आता" म्हणायचं आणि मी दाबायचं असं ठरलं. ऐन वेळी तो चाचरत विचारतो, "काकू, तुमचं गोत्र कोणतं?" मी म्हटलं, "बाळा, बटणाला गोत्र नसतं." तो हसला. हसता हसताच ढसाढसा रडायला लागला, आणि रडत रडतच "आता" म्हणाला.

आता गाओकाकांचं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात शाओलान नावाच्या मुलीचा फोन आला. वडील घरातच, झोपेत गेले होते. कोविड नव्हता, हृदय थांबलं होतं. ती मेलबर्नच्या क्लेटन भागात राहायची, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला. नवरा पार उत्तरेला डार्विनला गॅसच्या प्रोजेक्टवर, राज्यांच्या सीमांमुळे तिकडेच अडकलेला. वडील चीनहून आले होते ते नातीच्या जन्माच्या आधी, थोड्या दिवसांसाठी. मग विमानं बंद झाली. नात रांगायला लागली, उभी राहिली, आणि आजोबा काही परत जाऊ शकले नाहीत. आजी तिकडेच राहिली होती, तिच्या किडन्या खराब होत्या आणि तिला उपचार सोडून येता आलं नव्हतं.

सगळी बोलणी व्हिडिओवरच. मी नेहमीचं विचारायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "आय नीड ओन्ली टू थिंग्ज. बाबांना शिआनला, आईकडे जायचंय. आणि इथून निघाल्यापासून प्रत्येक वळणाला, प्रत्येक पुलाला, कुणीतरी त्यांना सांगायला हवं."

"काय सांगायचं?"

"हेच. बाबा, आता डावीकडे वळतोय. बाबा, पूल आला. नाही सांगितलं तर ते वळणावरच थांबतात. देह पुढे जातो, पण ते तिथेच उभे राहतात."

मी या धंद्यात नाना रीती पाहिल्या. पण ही ऐकून मी लिहिता लिहिता थांबले. किती साधी गोष्ट, आणि किती आवश्यक. अनोळखी गावात माणूस रस्ता चुकणारच की.

शिआनबद्दल मला तोपर्यंत एवढंच माहीत होतं की तिथे जमिनीखाली मातीच्या सैनिकांची फौज सापडली. मग तिने तिथल्या एका जुन्या पॅगोडाचं नाव घेतलं, ज्यात भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवल्या होत्या, आणि मला शाळेतला इतिहास आठवला. तो चिनी भिक्षू, जो चालत चालत आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन गेला. त्याच्यावर 'टीप लिहा' हमखास यायची. तो परत गेला तो याच गावात. मी हे सांगितल्यावर शाओलान पहिल्यांदा किंचित हसली. म्हणाली, "मग तुमच्याकडून शिआनला जायचा रस्ता जुनाच आहे."

गाओकाका, म्हणजे शाओलानचे वडील, त्या शहराच्या तटबंदीवर कामाला होते. जुन्या शहराभोवती अजून ती पूर्ण भिंत उभी आहे, इतकी रुंद की लोक वर सायकली चालवतात. तिच्या फुटलेल्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या, मधल्या फटी भरायच्या, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. भिंतीच्या आत जुन्या गल्ल्या, बाहेर काचेचे टॉवर, खाली मेट्रो. ती मेट्रो खणताना दर थोड्या अंतरावर कुठल्या तरी राजाची कबर लागायची आणि काम थांबायचं. काका म्हणायचे, आमच्या गावात कांदा लावायला खड्डा केला तरी कुणातरी राजाचं दार उघडतं. क्लेटन त्यांना पसंत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलीच्या घराच्या भिंतीवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. इथल्या घरांना आतून लाकडी सांगाडा असतो आणि बाहेरून विटांचा एक थर लावलेला, शोभेचा. त्यांना वाटलं मुलीला फसवलं. "जी वीट काही पेलत नाही, ती वीट कशाला म्हणायची?" असं ते घरासाठी कर्ज दिलेल्या बँकेच्या माणसालाही सांगायला निघाले होते.

मी आमचा ड्रायव्हर बॅरीबरोबर बसून रस्ता आखला. बॅरी म्हणजे साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा, फूटबॉलवेडा माणूस. नकाशावर प्रत्येक वळणावर खूण केली. आमच्या बाजूला रेल्वे आता रस्त्याच्या वरून जाते. बॅरीने विचारलं, "पुलाखालून गेलो तर तो पूल धरायचा का?" प्रश्न योग्य होता. मी शाओलानला विचारलं, तिने शिआनला आईला विचारलं. उत्तर आलं, सगळं सांगा, त्याला चौकशा फार.

शाओलान पुढच्या सीटवर बसून सांगणार होती. अंत्यविधीच्या आदल्या दुपारी तिच्या फोनवर मेसेज आला. लॅबमधल्या कुणालातरी कोविड झाला होता. तिला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी.

मी पुढची तारीख सुचवली. पण दिवस तिच्या आईने तिकडच्या पंचांगात पाहून काढला होता, आणि त्यांना तो मोडायचा नव्हता. पंचांगापुढे काय बोलणार, मी सांगलीची. शेवटी असं ठरलं की मी गाडीत पुढे बसायचं, फोन समोर लावायचा, शाओलान घरून बोलेल, आई शिआनहून ऐकेल.

त्या दिवशी चॅपेलमध्ये दहा माणसांची परवानगी होती आणि आत मी आणि बॅरी. एरवी आमचा कॅमेरा पेटीकडे असतो आणि लांबचे नातेवाईक बघतात. मी मोठा स्क्रीन उचलून पेटीच्या समोर, पेटीकडे तोंड करून ठेवला. बघणार तर काकाच ना. स्क्रीनवर गाओकाकू होत्या. लहानशी, जाड कोटातली बाई. त्यांच्यापुढे टेबलावर एक मोठा वाडगा होता. तिथे जाड भाकरीसारखी रोटी असते, ती हाताने अगदी बारीक कुस्करायची आणि मटणाच्या रश्श्यात टाकून खायची. काका ती कुस्करायला तासभर लावायचे म्हणे. काकू कॅमेऱ्यासमोर बसून ती कुस्करत होत्या.  कुस्करून झालं तेव्हा त्यांनी वाडगा पुढे सरकवला आणि मान हलवली.

आम्ही निघालो. आधी शाओलानच्या घरावरून. गल्लीच्या तोंडाशी मी उतरले आणि गाडीपुढे चालायला लागले. रस्ता ओकाबोका, सगळे घरांत. शाओलान खिडकीत उभी होती, लेक कडेवर. मी घरासमोर थांबले, वळले, पेटीकडे पाहून मान झुकवली. खिडकीच्या काचेवर तिने तळहात टेकवला होता. पोरीने पण टेकवला.

मग मी गाडीत बसले आणि फोनवरून तिचा आवाज सुरू झाला. मी नकाशा बघून "लेफ्ट" म्हणायचे, ती तिच्या भाषेत वडिलांना सांगायची. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. रेल्वेच्या पुलाखालून गेलो तेही झालं. आवाज थांबत नव्हता. आणि फ्रीवेवरचा पूल समोर दिसायला लागला तेवढ्यात फोन बंद पडला. मी परत लावला. लागेना. परत. लागेना.

बॅरी म्हणाला, "ब्रिज इज कमिंग, लव्ह. आय कान्ट स्टॉप हिअर."

थांबता येत नव्हतं, मागे ट्रक होते. मला चिनी भाषेतला एक शब्द येत नव्हता. इंग्रजी काकांना येत नव्हतं. मी मागे वळले आणि तोंडातून जे आलं ते आलं.

"काका, पूल आला बरं का. मोठा पूल आहे. खाली गाड्या आहेत, तिकडे बघू नका. आम्ही आहोत बरोबर. चला. हां, झाला ओलांडून."

बोलताना मला माझी आई दिसली. त्याच वर्षी, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, ती सांगलीला कोविडने गेली. दवाखान्यातून तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थेट नेलं. दादाला लांबून हात जोडू दिले. मी इथे स्वयंपाकघरात फोन धरून बसले होते, पण दाखवायला काही नव्हतंच. हजारो लोकांना मी शेवटचं पोचवलं आणि माझ्या आईला कुणी वाटेत एक शब्द बोललं नाही. ती तर कुठे जाताना शंभरदा विचारायची, आलं का गं, कुठवर आलो. मी रडले. कोटाच्या बाहीला नाक पुसत रडले आणि पुढचं वळण सांगितलं, "काका, आता उजवीकडे." बॅरीने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या पुढच्या वळणाला मला आवाज फुटेना, तेव्हा तोच आरशात बघून म्हणाला, "लेफ्ट हिअर, ओल्ड मेट. नॉट फार नाऊ."

स्मशानाच्या फाटकात फोन लागला. शाओलान ओरडतच होती, "पूल? पूल झाला? कुणी सांगितलं?"

"मी."

"कुठल्या भाषेत?"

"माझ्या."

 ती शिआनला आईशी बोलली. मला वाटलं, आता सगळं पुन्हा करा म्हणतील. पण तिने आईचं बोलणं मला सांगितलं ते असं: भिंतीवर जगभरचे पर्यटक यायचे, हा सगळ्यांशी हातवारे करून बोलायचा, संडास कुठे ते दाखवायचा. परक्या भाषेची त्याला सवय आहे. आई म्हणतेय, थँक यू.

दहन झालं. अस्थी एका डब्यात आमच्याकडे आल्या आणि आमच्याकडेच राहिल्या.

आमच्या ऑफिसात एक कपाट होतं. एरवी त्यात दोनचार डबे असायचे, न्यायला कुणी आलं नाही असे. त्या दोन वर्षांत ते भरलं आणि दुसरं आणावं लागलं. कुणाला नाशिकला जायचं होतं, कुणाला कोलंबोला, कुणाला क्रीटच्या बेटावर. बॅरी त्याला डिपार्चर लाउंज म्हणायचा. शाओलानचं घरातलं बंधन संपल्यावर ती अधूनमधून प्रॅम ढकलत यायची. डबा घरी ने म्हटलं तर नको म्हणायची. एकदा घरात आणलं की त्यांना वाटेल पोचलो. मग परत निघणार नाहीत.

ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा उघडल्या, चीनने उघडल्या नाहीत. विमानं मोजकी, तिकडे उतरल्यावर कित्येक आठवडे एका खोलीत कोंडून घ्यायचं, आणि तेही एवढ्याशा पोरीला घेऊन. शाओलान थांबायला तयार होती. थांबू शकत नव्हत्या त्या गाओकाकू. त्यांची तब्येत उतरत चालली होती. त्यांचं म्हणणं एकच, मी आहे तोवर त्याला पाठव. माणसांची विमानं बंद असली तरी मालाची चालू होती. वकिलातीचे कागद करून अस्थी कार्गोने पाठवता येत होत्या.

माझ्याच टेबलापाशी मायलेकींचं फोनवर भांडण झालं. फोन ठेवून शाओलान मला म्हणाली, "बाबा माल नाहीत. त्या विमानात त्यांना कोण सांगणार? हू विल टेल हिम?"

मी कार्गोचा फॉर्म बाजूला सारला.

"तुम्ही काय केलं असतं?"

हा प्रश्न आम्हाला रोज कुणीतरी विचारायचं, आणि उत्तरही ठरलेलं होतं: तुमच्या घरच्यांशी बोलून ठरवा. ते माझ्या तोंडात तयार होतं. पण मी तिला सांगितलं की माझी आई गेली तेव्हा दादाने अस्थी झाडाला टांगून ठेवल्या होत्या, माझी वाट बघत. मी येऊ शकले नाही. शेवटी त्याने विचारलं, किती थांबू? मी म्हटलं, सोड तू. त्याने एकट्याने कृष्णेत सोडल्या. "मला तिथे असायचं होतं," मी शाओलानला म्हटलं, "अजून वाटतं. पण तिला माझ्याकडे यायचं नव्हतं, नदीकडे जायचं होतं. तुझ्या बाबांना कुणाकडे जायचंय?"

ती उठून निघून गेली. मी दिवसभर स्वतःवर चडफडत राहिले. इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, ते आताच उघडायचं होतं?

पुढच्या आठवड्यात ती आली ती कार्गोचा सगळा मार्ग शोधून. आम्ही लाकडी खोका तयार ठेवला होता. तिने खुर्ची ओढली, खोक्यासमोर बसली आणि वडिलांना सगळी वाट आधीच सांगून टाकली. मधूनमधून मला इंग्रजीत सांगायची, काय सांगितलं ते. आपल्या फाटकातून डावीकडे. मग मोठा रस्ता, मग विमानतळ. मग बराच वेळ समुद्र, तिथे वळणं नाहीत, झोपा. मग विमान एका बंदराच्या शहरात उतरेल. तिथे खूप गर्दी असेल, आपल्यासारखीच भाषा ऐकू येईल, पण ते आपलं गाव नाही. तिथे उतरू नका. दुसऱ्या विमानात बसा. नेमकं हेच तिने तीनदा सांगितलं. खोका मी स्वतः बांधला. त्यावर 'काळजीपूर्वक हाताळा'ची चिठ्ठी लावताना बॅरी म्हणाला, "हँडल विथ केअर, टू राइट." म्हणजे, अगदी खरं.

आणि काका त्याच बंदराच्या शहरात अडकले.

शिआनमध्ये साथ शिरली आणि त्या अख्ख्या शहराला टाळं लागलं. आमच्या लॉकडाउनमध्ये निदान फिरायला जाता यायचं. तिथे लोकांना घराच्या दाराबाहेर यायला मनाई. इतकी शतकं ज्या भिंतीने शत्रूला बाहेर ठेवलं, तिच्या आत आता सगळे कोंडलेले, आणि गाओकाकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या. औषध, भाजी दारात ठेवून जायचे. काकांचा खोका दुसऱ्या गावातल्या गोदामात. कुणी म्हणायचं कागद अपुरे, कुणी म्हणायचं शहर उघडल्याशिवाय काही आत जाणार नाही. मी रोज तिथल्या एजंटला ईमेल करायचे. शाओलानचा फोन आला की आधी त्या ईमेल पुन्हा बघायचे, मगच उचलायचे. ती मला दोष देत नव्हती. एकदाच म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं तिथे उतरू नका. ते कुणाचंच ऐकत नाहीत." आणि मग, अगदी लहान आवाजात, "आई फोनवर जास्त वेळ बोलू शकत नाही आता."

मी नवऱ्याला म्हटलं, ती बाई तशीच गेली तर हे माझ्या माथी. तो म्हणाला, तू नसतं सांगितलंस तरी ती मुलगी त्रासातच असती. बरोबर असेल. पण त्याने माझं काही हलकं झालं नाही.

त्यांच्या नव्या वर्षाच्या सुमारास शहर उघडलं आणि एक दिवस एजंटची दोन ओळींची ईमेल आली. खोका शिआनच्या विमानतळावर पोचला होता.

त्या दिवशी शाओलान लेकीला घेऊन आमच्या ऑफिसात आली. म्हणाली, बाबा इतके दिवस इथे होते, इथूनच बघते. भर उन्हाळा होता, एसी लावून आम्ही मोठ्या स्क्रीनसमोर बसलो. बॅरीसुद्धा टाय सैल करून मागे उभा राहिला. गाओकाकू पुतण्याच्या गाडीत मागच्या सीटवर होत्या, मांडीवर खोका, अंगावर दोन कोट. पुतण्याने फोन पुढे अडकवला होता. त्यांना घरी बसून राहा म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

गाडी निघाली आणि काकूंनी सांगायला सुरुवात केली. आवाज बारीक, मधे मधे दम घ्यायच्या. शाओलान मला कानात सांगत होती. नदीवरचा मोठा पूल आला. उंच उंच इमारतींची रांग, हा डावीकडचा टॉवर तू गेल्यावर झाला. भिंतीचा उत्तर दरवाजा, आता आत आलो. घंटाघराला वळसा घालतोय. गावाच्या मधोमध ते जुनं लाकडी घंटाघर, त्याच्या चारी बाजूंना मॉल, आणि खालून मेट्रो त्याचा पाया चुकवून वाकडी जाते म्हणे. रस्त्यावर लाल कंदील लागले होते, माणसं अजून बिचकत बिचकत बाहेर पडत होती. दोन मुली जुन्या काळचे रेशमी झगे घालून, तोंडाला मास्क लावून, एकमेकींचे फोटो काढत होत्या. काकूंनी तेही सांगितलं. नूडलवाल्याने दुकान परत उघडलेलं नाही, तेही सांगितलं.

दक्षिण दरवाजाशी गाडी थांबली. पुढे गल्ली अरुंद. पुतण्याने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, खोका त्यांच्या मांडीवर ठेवला, एका हातात फोन धरला. बाजूला भिंत होती. राखाडी विटा, थंडीत ओलसर दिसणाऱ्या. काकूंनी खुर्ची थांबवायला लावली आणि हातमोजा काढून तळहात विटेला लावला. बराच वेळ. मग खुर्ची पुढे निघाली आणि गल्लीत एक वळण आलं.

काकू काही बोलल्या नाहीत. खुर्ची वळली.

शाओलान पुढे झुकली. मग आणखी एक वळण दिसलं, आणि काकू गप्पच. शाओलान उठून उभी राहिली, स्क्रीनकडे बघून तिच्या भाषेत ओरडली. एवढं मला न सांगता कळलं. आई, वळण आलं, सांग त्यांना, सांग.

काकूंनी फोनकडे पाहिलं. चेहरा थकलेला होता पण शांत होता. त्या दोन शब्द बोलल्या आणि पुन्हा समोर बघायला लागल्या.

शाओलान हळूहळू खाली बसली. तिने तोंडावर हात धरला होता. मी थांबले, कारण घाई करायची नाही हे मला शिकवावं लागत नाही. शेवटी तिने हात काढला.

"आई म्हणतेय, इथून पुढचं त्यांना माहीत आहे."